तिसऱ्या मजल्यावरचे अर्धे घर आणि एक सही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर आता कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून दुखते म्हणून तू आणखी भारी खुर्ची घेतलीस, असे तुझी ताई सांगत होती. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात ते हेच. सूनबाईंच्या गुडघ्याला उतार पडला का? जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा, एवढे त्यांना माझ्यातर्फे सांग. ढब्बूचे पुढचे दात आले का? फोटोत तो ओठ घट्ट मिटून हसतो, जणू तोंडात कोणाचे गुपित सांभाळतो आहे. त्याच्या कुत्र्याची खाज गेली का तेही कळव. मागच्या खेपेला फोनवर तुझ्यापेक्षा तोच जास्त बोलला, त्यामुळे त्याची काळजी लागून राहिली आहे.

इकडे तुझ्या ताईचा, आपल्या थोरलीचा, खोकला गेला. तिच्या ठकीला चष्मा लागला, आणि लागल्यापासून ती अंथरुणावर पडल्या पडल्या छताच्या भेगा मोजते. आधी तिला वाटायचे, तिथे कोणीतरी नदीचा नकाशा काढला आहे. माझे म्हणशील तर साखर, रक्तदाब आणि कान या तिघांचे आपसांत पटत नाही, पण एका घरात राहायचे म्हणून सांभाळून घेतात. इमारतीची तब्येत तेवढी बरी नाही. तिचे पुढे येईल.

वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रात कोणी ख्यालीखुशाली विचारत नाही. मी म्हटले, मेल्यावर विचारायची सोय नसते म्हणूनच आधी विचारून घेतो. त्यांनी पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले आणि म्हणाले, बरं, पुढे?

पुढे असे.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पूर्वी तसबिरींना चौकटी बसवण्याचा, हल्ली (थोरलीच्या मते) सगळ्यांच्या मधे मधे करण्याचा, राहणार याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या डाव्या हाताला, आज हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हे मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक होता तो तुझी आई गेली तेव्हाच गेला. कोणाच्या गोड बोलण्यालाही भुललेलो नाही, कारण या घरात गोड बोलायला सकाळी कोणाला वेळ नसतो आणि संध्याकाळी त्राण. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी मागताक्षणी दिला. वकील म्हणाले, दातांचा डॉक्टर डोक्याचा दाखला देऊ शकत नाही. मी म्हटले, दात काय पायाला असतात? पण कायद्यापुढे शहाणपण चालत नाही, म्हणून आणखी एका डॉक्टरांचा आणून दोन्ही जोडले आहेत. जास्तीचा असू दे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा केले होते असे थोरली म्हणते, पण ते रागाच्या भरात वाणसामानाच्या यादीमागे लिहिले होते, आणि राग उतरला तसे तेही रद्द झाले.

कलम पहिले. हत्यारे.

दुकान बंद केले तेव्हा घरी आणलेली हत्यारे गॅलरीतल्या लाकडी पेटीत आहेत. हातोड्या, पक्कड, चौकटीचे कोपरे कापायची करवत आणि काच कापायची माझी हिरकणी, हे सर्व थोरलीला. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू आयुष्यात एकदाच काच कापायला बसलास आणि उठलास तेव्हा काच शाबूत होती, बोट नव्हते. थोरली शिवणकाम करते, तिचा हात सरळ चालतो. कापड काय आणि काच काय, कापणाऱ्याने मधेच विचार बदलायचा नसतो. पेटी दोघांनी मिळून उचलावी आणि ठेवताना आपटू नये. त्या गॅलरीवर आता माझा तेवढाही भरवसा उरलेला नाही.

कलम दुसरे. अध्यक्ष आणि काच.

यात देण्याघेण्यासारखे काही नाही, म्हणून वकील याला कलम मानत नाहीत. मी मानतो.

आपल्या सोसायटीचे अध्यक्ष तुला माहीत आहेत. माणूस मनाने वाईट नाही, पण खर्च म्हटला की त्यांना खोकला येतो. दुरुस्ती हा विषय दर जनरल मीटिंगमध्ये सगळ्यात शेवटी ठेवायचा, ही त्यांची पद्धत. तिथवर पोहोचेपर्यंत चहाही संपलेला असे आणि माणसेही. अशी कितीतरी वर्षे गेली. गच्ची गळेल तिथे डांबर, जिन्यात पडझड होईल तिथे चुना, आणि कोणाकडे कार्य निघाले की सगळ्यावरून रंग. रंग ओला असेपर्यंत इमारत नवी दिसायची.

मग पार्किंगमधल्या कोपऱ्याच्या खांबाला उभी भेग गेली. हा खांब दातांच्या दवाखान्याला लागून आहे, आणि त्याच्या डोक्यावर, मजले मोजत वर गेलास तर, थोरलीची खोली येते. इंजिनीअर बाईंना बोलावले. त्यांनी भेग पाहिली, खांबावर इकडेतिकडे ठोकून ऐकले, आणि भेगेवर काचेची एक पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके पक्की चिकटवली. काच अर्थात माझ्याकडची, फोटोवर लावतात ती. जाताना त्या अध्यक्षांना सांगून गेल्या, ही फुटली तर मला लगेच कळवा. आणि दुसऱ्या गावी एका मोठ्या कामावर गेल्या.

यातून माणसाने काय समजावे? आपल्या सोसायटीने असे समजून घेतले की काच फुटू द्यायची नाही.

झाले. खांब राहिला बाजूला आणि काचेची बडदास्त सुरू झाली. भोवती दोरी बांधली, हात लावू नये अशी पाटी लागली, राखणदाराची खुर्ची फाटकावरून उचलून काचेपाशी आली. पोरांचे चेंडू खेळणे बंद. ठकी तिथे एकदा शिंकली तर तिला घरापर्यंत बोलणी खावी लागली. एवढे करूनही एका सकाळी काच तडकलेली निघाली.

अध्यक्षांनी खास सभा बोलावली. दुरुस्तीला कधी पुरेशी माणसे जमली नाहीत, काचेला जमली. तिथे ते उभे राहून म्हणाले, "काच हलकी निघाली." आणि अख्ख्या सभेने माझ्याकडे पाहिले.

बाळा, धंद्यात एवढे आयुष्य गेले, पण माझ्या काचेला कोणी नाव ठेवले नव्हते. मी दुसऱ्याच दिवशी जाडसर काच लावली. तीही तडकली. मग मात्र मी हट्टाला पेटलो. दुकानाच्या काउंटरवरची काच, जिच्यावर माणूस उभा राहिला तरी हूं की चूं करणार नाही, ती कापून तिची पट्टी लावली. ती फुटली तेव्हा दवाखान्यातला पेशंट तोंडातल्या कापसासकट बाहेर पळत आला. अध्यक्ष मला काही बोलले नाहीत, जिन्यात भेटले की नुसती मान हलवायचे. ते बोलण्याहून वाईट. शेवटी त्यांनी स्वतःच इलाज केला. पोरांच्या दप्तरात असते तसली प्लॅस्टिकची फूटपट्टी आणली आणि भेगेवर चिकटवली. ती काही फुटली नाही. हळूहळू धनुष्यासारखी वाकली, पण फुटली म्हणून नाही. पुढच्या सभेच्या वृत्तांतात लिहिले गेले की खांबाची स्थिती सुधारली असून सभा समाधान व्यक्त करीत आहे.

इंजिनीअर बाई परतल्या त्या दिवशी मी खालीच उन्हाला बसलो होतो.

"काच कुठाय?" त्यांनी विचारले.

"फुटली," अध्यक्ष म्हणाले. "तीनदा फुटली. पण आता ही बघा, कधीपासून आहे, जशीच्या तशी."

"मला का नाही कळवलं?"

"अहो, आम्ही लगेच बदलत होतो ना. एवढ्याशासाठी तुम्हाला कशाला त्रास द्यायचा."

बाई शेजारच्या स्कूटरवर बसल्या. मग लहान मुलाला सांगावे तसे सांगितले, की काच फुटावी म्हणूनच लावतात. भेग वाढत असली तर काचेला ताण सोसत नाही, ती तडकते. तेवढ्या एका कामासाठी तिला तिथे ठेवायची. तिने तीनदा ओरडून सांगितले आणि तुम्ही तीनदा तिला कामावरून काढलेत.

खरे सांगतो, माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते, "म्हणजे माझी काच चांगली होती."

"उत्तम होती, काका," बाई म्हणाल्या.

मी या वयात जिना दोन दमांत चढलो. थोरली मशीनवर होती. तिला सगळे सांगितले, माझ्या काचेचे थोडे वाढवूनच सांगितले. तिने पाय थांबवला, दोरा तोडला आणि विचारले, "बाबा, काच चांगली म्हणजे खांब वाईट, असंच ना?" तेव्हा कुठे मी खाली बसलो.

त्यानंतर मी ठरवले होते की माझ्यामागे अध्यक्षांना एक तसबीर द्यावी: समाधानाच्या वृत्तांताचे ते पान, चांगल्या चौकटीत, चांगल्या काचेत. पण आज त्यांना साक्षीदार म्हणून बोलावले आहे, आणि ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील सांगतात. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते असेही त्यांनी सांगितले, तोवर अध्यक्षांनी चष्मा चढवून हे कलम वाचून काढले होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "तसबीर राहू द्या. मी साक्ष करतो. आणि काच चांगली होती, तेही लिहा त्यात."

लिहिले आहे. त्यांच्यावरचा राग मी कोणाच्या नावे करत नाही. वाटून देण्याइतका तो आता शिल्लक नाही.

कलम तिसरे. भिंतीवरच्या तसबिरी.

खांबाचे कळल्यावर बाईंनी घराघरांतून फिरून भिंती बघायला घेतल्या, आणि प्रत्येक घरात त्यांना आधी माझी तसबीर उतरवावी लागली. गेली कित्येक वर्षे इमारतीतले लोक माझ्याकडे यायचे आणि म्हणायचे, जरा मोठ्यातली मोठी चौकट द्या, चित्र काहीही चालेल. मला वाटे, शेजारपाजारच्यांना कलेची गोडी लागते आहे, चला, बरे झाले. पहिल्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाईंनी जगाचा नकाशा लावून घेतला होता. तो उतरवला तर दोन खंडांच्या मागे हात जाईल एवढा गिलावा पडलेला. अध्यक्षांच्या निरोपसमारंभाच्या फोटोमागे गंजलेल्या सळ्या. ते म्हणाले, फोटो लावला तेव्हा एवढं नव्हतं. प्रत्येकाला आपापल्या भिंतीची लाज वाटत होती आणि शेजारच्याची भिंत धडधाकट आहे असा प्रत्येकाचा समज होता.

आपल्या घरचे तर विचारू नकोस. आपल्याकडे गिऱ्हाइकांनी न नेलेल्या तसबिरी. सोफ्यावरचे नवरानवरी न्यायला कोणी आलेच नाही. त्यांचे लग्न टिकले की नाही देव जाणे, त्यांच्यामागचा गिलावा टिकलेला नाही. स्वयंपाकघरातले मिशीवाले गृहस्थ कोण, हे मला आजतागायत माहीत नाही. ठकी त्यांना लहानपणापासून मोठे आजोबा म्हणते, आणि तिच्या मैत्रिणी तिचे नाक त्यांच्यावर गेले म्हणतात.

या सर्व तसबिरी तुम्ही दोघांनी आवडीप्रमाणे घ्याव्यात. जो जी उतरवील त्याने तिच्यामागचे भोकही आपलेच समजावे. मिशीवाल्यांना मात्र दुरुस्ती होईपर्यंत कोणी हलवू नये. माझ्या अंदाजाने तिथे भिंतीने त्यांना धरलेले नाही, त्यांनी भिंतीला धरलेले आहे.

कलम चौथे. बँकेत जे काही असेल ते दोघांनी सारखे घ्यावे. आकडा लिहीत नाही. कमी लिहिला तर माझी लाज, जास्त लिहिला तर वकिलांची फी.

कलम पाचवे. माझे शेवटचे जे काही करायचे ते साधेपणाने करावे. एकच आग्रह आहे: मला लिफ्टने उतरवू नये. ती दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधे अडकते, आणि मेकॅनिक येईपर्यंत खाली जमलेल्या लोकांना माझ्याबद्दल चांगले बोलायला विषय पुरणार नाहीत. जिन्याने न्यावे, पण कठड्याला टेकू नये.

हे सगळे अमलात आणण्याचे काम भूगोलाच्या बाईंकडे सोपवतो. त्यांना अजून कोणी नाही म्हणू शकलेले नाही.

कलम सहावे. घर.

इथे जरा सावकाश वाच.

हे घर घेतले तेव्हा तू अर्ध्या चड्डीत होतास. तुझ्या आईने हट्ट धरला की कागदावर पोराचे नाव हवेच. मी म्हटले, त्याला अजून नाव नीट लिहिता येत नाही. ती म्हणाली, घर उभे आहे तोवर शिकेल. म्हणून या घराचा अर्धा मालक मी, अर्धा तू.

इंजिनीअर बाईंचे म्हणणे असे की खालचे खांब आतून गंजले आहेत. बाहेरचे फोडून, सळ्या बदलून, नव्याने भरून काढले तर इमारत वाचते. त्यासाठी सगळ्यांनी काही महिने घरे रिकामी करायची आणि प्रत्येक मालकाने तशी संमती सही करून द्यायची. तोवर पार्किंगमध्ये लोखंडी टेकू लावले आहेत. बाई म्हणतात, टेकू म्हणजे औषध नव्हे, दवाखान्यात पोहोचेपर्यंत नुसता हात धरणे आहे. राहायची दुसरी सोय काम सुरू झाले की सोसायटी करणार. काम सुरू होत नाही तोवर कोणाचीच नाही.

सगळ्यांच्या सह्या झाल्या. भूगोलाच्या बाईंनी आधी, आयुष्यभर भूकंप शिकवला पण घर सोडायची वेळ आली नाही, असे म्हणून पाहिले, मग त्यांनीही केली. अध्यक्ष तर आता असे पेटले आहेत की दुरुस्ती जणू त्यांनीच शोधून काढली. रोज सकाळी जिन्यात उभे राहून विचारतात, "आला का कागद?" कागद यायचा आहे तो एकाच घराचा. तिसरा मजला, डावा हात. मी खाली उतरलो की सगळे माझ्याकडे पाहतात. काच फुटली तेव्हा पाहत होते तसेच पाहतात, फक्त या खेपेला त्यांचे खरे आहे.

तुला फोन केला तेव्हा तू काय म्हणालास ते तुला आठवत असेल. मला शब्दन् शब्द आठवतो, कान अधू असला तरी.

"बाबा, आत्ता दुरुस्ती केली की ती इमारत अजून वीस वर्षं उभी राहील."

"मग?" मी म्हटले.

"मग काय? बिल्डर येणारच नाही. थोडी कळ काढा. एकदा धोकादायक असं कागदावर लागलं, की तो पाडून नवी बांधेल. ताईलाच मोठी खोली मिळेल."

उभे राहणे हा इमारतीचा दोष असतो, हे मला या वयात तुझ्याकडून कळले. तू वाईट मनाने बोलला नाहीस, हे मी जाणतो. ताईचा विचार तू केलास, ढब्बूचाही केला असशील. पण दुरून डोंगर साजरे, तशी दुरून इमारतही धट्टीकट्टी दिसते. कळ काढा म्हणालास ती कोण काढणार ते सांगतो. थोरली त्या कोपऱ्यात मशीन चालवते आणि मशीन थांबल्यावरही जमीन थरथरते का ते पायाने चाचपते. अध्यक्ष टेकूला गाडी घासू नये म्हणून ती रस्त्यावर लावतात, आणि त्यांनी ती इतकी वर्षे उन्हात नेली नव्हती. दवाखान्यात त्या खांबालगत कोणी ना कोणी खुर्चीत उताणा पडून, आ वासून, वर छताकडे बघत असतो. डॉक्टर मला म्हणाले, हल्ली पेशंट दाताला घाबरत नाहीत, छताला घाबरतात. वरून भरून काढायचे आणि आतली कीड तशीच ठेवायची, याचा शेवट काय होतो ते त्यांना विचार. त्यांचा सगळा धंदा त्याच्यावर चालतो.

म्हणून मी असे लिहितो की, चिरंजीवाने संमतीपत्रावर सही न केल्यास त्यास माझ्या मालमत्तेतील एक खिळाही मिळू नये.

वरचे वाक्य रद्द समजावे. लिहून झाल्यावर वाचून पाहिले, तर तुझी आई स्वयंपाकघरातून नुसती बघते आहे असे वाटले, आणि तिने तसे बघितले की त्या दिवशी मला जेवण गोड लागत नसे. वकील म्हणाले, खोडले असेल तिथे समासात सही करा. केली आहे. खिळे तुला मिळतील, वेगवेगळ्या मापांचे आहेत.

आता खरे कलम. माझे अर्धे घर माझ्यामागे थोरलीला. तिला दुसरे घर नाही, तुला आहे, यापलीकडे यात काही वाचू नकोस. तुझे अर्धे तुझेच आहे.

मला वाटले, इथे संपले. वकिलांचे संपले नव्हते.

"थोरली तुमच्या आधी गेली तर?" त्यांनी विचारले. हा त्यांचा ठरलेला प्रश्न आहे, सगळ्यांना विचारतात, त्यात त्यांचा दोष नाही.

"तर ठकीला," मी म्हटले.

त्यांनी लिहिले. मग पुढच्या रकान्यावर पेन टेकवले.

"आणि दोघी एकदम गेल्या तर?"

पलीकडच्या खोलीत मशीन चालू होते. ठकी मोठ्याने पाढे म्हणत होती, मधेच चुकत होती आणि थोरली मशीन न थांबवता तिला सुधारत होती. अध्यक्षांनी हातातला कप खाली ठेवला. दातांचे डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

मृत्युपत्र लिहिणारा असे धरून चालतो की आपण आधी जाणार आणि बाकीचे मागे राहणार. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने एवढे तरी धरून चालायला हरकत नसावी. पण माझे अंथरूण जिन्याकडच्या खोलीत असते आणि त्या दोघींचे कोपऱ्यात, बरोबर त्या खांबावर. ठकी दिवा मालवेपर्यंत वर बघत भेगा मोजते. मी इकडे पडून ती मोजताना ऐकतो.

"तिथे एक नाव लागतं," वकील हळू आवाजात म्हणाले. "कायद्याने बघितलं तर तुमचा मुलगाच."

बरोबर आहे त्यांचे. त्या दोघी एकदम गेल्या तर हे अर्धेही तुझेच होणार, म्हणजे सगळे घर तुझे, आणि कागदावर धोकादायक असेही लागलेले असणार. मी पेन हातात घेतले. तुझे नाव मी आजवर शाळेच्या दाखल्यावर लिहिले, दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहिले, या घराच्या कागदावर तुझ्या आईच्या समोर लिहिले, आणि कधी हात अडला नाही. आज अडला.

त्या रकान्यात तुझे नाव नको रे मला. तो कोरा ठेवला आहे. वकील म्हणतात, कोरा चालत नाही. मी म्हटले, थोडे दिवस चालवून घ्या, मुलाचे उत्तर यायचे आहे.

तुझे नाव मला दुसऱ्या कागदावर हवे आहे. तो सोबत जोडला आहे. सही कुठे करायची तिथे थोरलीने पेन्सिलने फुली केली आहे.

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, स्वतः वाचला, आणि माझ्या इच्छेप्रमाणे आहे म्हणून माझ्या हाताने सही करत आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: सात मार्च.

(सही) मृत्युपत्र करणारा, तुझा बाबा

साक्षीदार:
१. (सही) सोसायटीचे अध्यक्ष, दुसरा मजला
२. (सही) दातांचे डॉक्टर, तळमजला

ता. क. याची एक प्रत वकिलांकडे ठेवली आहे, ही तुझ्यासाठी. पोचल्याचे लवकर कळव. कंबर दुखत असेल तर लांबलचक पत्र लिहीत बसू नकोस, सूनबाईंचा गुडघा आणि ढब्बूचे दात एवढे एका ओळीत कळले तरी पुरे. जोडलेल्या कागदावर मात्र पूर्ण नाव लिही, आणि उलट टपाली धाड.